धनी नावाचा उमेदवार

मी पंचायतीची मेंबर झाले, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. अंगणात खारे बांगडे वाळत घातले होते आणि मी कावळे हाकत बसले होते, तर शेजारची शेवंती कुंपणावरून ओरडली, "गो यशोदे, मेंबर झालंस आणि कावळे कसले हाकतंस?" संध्याकाळी ह्यांना विचारलं. पाय धुता धुता म्हणाले, "अगो, सांगूचा रवला. बायकांच्यो दोन जागा भरूच्यो होत्यो. तुका कायएक करूचा नाय. माझ्याकडे बघूचा आणि हात वर करूचो."

गोव्याला आपला झेंडा लागला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला, खाडीला लागून. कागदोपत्री पंचायतीत पक्ष नसतात, पण आमच्याकडे मूल जन्माला आलं की आधी बघतात ते कुणाचं, बैलवाल्यांचं की झोपडीवाल्यांचं. मोठ्या निवडणुकीतल्या ह्या दोन निशाण्या. त्यांवरून गावात भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या होत्या, आणि विहिरीवर रहाटाची पाळी कुणाची ह्यावरूनही बैल आणि झोपडी निघत असे. आमचे हे बैलवाल्यांचे पुढारी. सगळा गाव त्यांना भाई म्हणे. झोपडीवाल्यांचे पुढारी गणपत मास्तर. मास्तरांची नोकरी संपली होती, पण आवाज शाबूत होता.

दोघांचं भांडण साकवावरून. गावाच्या मधून व्हाळ जातो. उन्हाळ्यात त्यातून कोंबडी चालत जाते, आणि पावसात म्हैस वाहून जाते. त्यावर माडाचे चार ओंडके टाकून साकव घालायचा, एवढंच काम. बैलवाले म्हणत, तो वरच्या अंगाला, बाबलीच्या दुकानापाशी हवा. झोपडीवाले म्हणत, खालच्या अंगाला, मास्तरांच्या घरापाशी. आठ वर्षं झाली, एक ओंडका पडला नव्हता. चौथीपर्यंतची शाळा व्हाळाच्या अलीकडे, पाचवी पलीकडे. माझी तुळसा त्या वर्षी चौथी पास झाली, तीही पहिल्या नंबरानं. हे म्हणाले, "पावसात चेडवाक धाडूचा कसा? बास झाला शिकाप. नाव काढून टाकूया." तुळसानं पाटी पुसून फळीवर ठेवली, आणि ती तिथं बघून मला जेवण गोड लागेना.

बायकांच्या दुसऱ्या जागेवर आली इजाबेल रॉड्रिक्स. किरिस्तांववाडीतली विधवा. तिचा नवरा जहाजावर होता, तो समुद्रातच गेला. ती शिवणाचं मशीन चालवायची. गावातल्या सगळ्या बायकांची पोलकी तिच्याकडची, आणि दोन्ही पक्षांचे झेंडेही तिनंच शिवलेले. बैलांचे पैसे रोख यायचे, झोपडीवाल्यांचे उशिरा, पण धागा दोघांना सारखाच घालायची.

तिला पंचायतीत आणली बैलवाल्यांनीच. मार्चात ह्यांनी तिला सभेत पुढच्या खुर्चीवर बसवलं, हार घातला आणि भाषण ठोकलं, की आमच्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत, अल्पसंख्याकांना मान फक्त आमच्याकडे आहे. त्यावर गणपत मास्तर पारावर म्हणाले होते, "पोलके शिवणारी बाई पंचायतीत जावन काय करतली? कारभाराक काजं पाडतली?"

आता सरपंच निवडायचा होता. मेंबर सात. हे, बाबली आणि परशुराम हे तीन बैल. मास्तर आणि गुरुदास ह्या दोन झोपड्या. आणि आम्ही दोघी बायका, ज्यांना बैलवाल्यांनी आपल्यातच धरलं होतं. पाच विरुद्ध दोन. ह्यांनी सरपंचाच्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवायला टाकली होती, अर्थात इजाबेलबायकडेच.

मग मास्तरांनी डाव टाकला. त्यांनी सरपंचपदासाठी इजाबेलबायचंच नाव दिलं. जिंकायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना फक्त बघायचं होतं, की मार्चात हार घालणारे बैल आता काय करतात ते.

बैलांनी काय केलं म्हणता? एका दिवसात गावातली भाषणं आपापले मालक बदलून बसली. सकाळी मास्तर पारावर म्हणत होते, "तालुक्यात पयली बाई सरपंच! तीव अल्पसंख्याक! क्रांती आसा ही!" आणि त्याच पारावर दुपारी बाबली म्हणत होता, "बाय बरी आसा, आमका मान आसा. पण पोलके शिवणारी बाई कारभार कसो करतली? काजं पाडतली?" मास्तरांची काजंसुद्धा त्यानं जशीच्या तशी उचलली. आमचे हे जरा विचार करून बोलायचे. ते म्हणाले, "धर्माचो प्रश्न नाय. पण नारळी पुनवेक गावाचो नारळ सरपंच सोडता. ती कसो सोडतली?" हा मुद्दा सगळ्यांना फार आवडला. ज्यांनी दहा वर्षांत नारळी पुनवेला किनाऱ्यावर पाऊल टाकलं नव्हतं, तेही चिंतेत पडले. किरिस्तांववाडीतल्या लोकांना मात्र कुणी काही विचारलं नाही. दोन्हीकडचे लोक त्यांच्याबद्दल इतकं बोलत होते, की त्यांच्याशी बोलायला वेळच उरला नाही.

मी पोलक्याचं माप द्यायला गेले तेव्हा इजाबेलबायच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून ठेवत तिनं विचारलं, "काय म्हणतत गो तुझे?"

मी नारळाचं सांगितलं.

ती मशीनवरून उठली नाही. म्हणाली, "दर्यान माझो घोव न्हेलो तेव्हा तेची जात इचारूक नाय. माझ्या हातचो नारळ तेका चलात." मग उठून टेप माझ्या खांद्यावर टाकत म्हणाली, "माका ठाऊक आसा गो. मास्तराक भाईक हरवचो आसा, भाईक मास्तराक. मी मधली. पण निवडून इलंय तर एक करतलंय, पावसाआधी साकव घालतलंय. माझ्या बहिणीची नात पाचवीत जाता."

"खंय घालतलंस? वर की खाली?"

"बायका जंय पाय घालतत थंय," ती म्हणाली. "मधी. धोंडे आसत थंय. वरसून खालसून कोण जाता?"

मी घरी आले ती वाटेत दोनदा चुकले, आणि गावात चुकायला दोनच वाटा आहेत. तिला दोन मतं मास्तरांकडची, एक तिचं स्वतःचं. म्हणजे तीन. ह्यांची तीन. हिशेब करायला मला पाटी लागली नाही.

निवडणूक मे महिन्यात शाळेत झाली. आत आम्ही सात जण, आणि खिडक्यांना अख्खा गाव लटकलेला. तुळसाही एका खिडकीत होती. तालुक्याहून साहेब आला होता, घाटावरचा, तापट. आल्या आल्या म्हणाला, "हात वर करणं बंद. मागच्या गावात एकानं दोन्ही हात वर केले, आणि एकानं डास हाकलला तेही मत धरलं गेलं. प्रत्येकानं उभं राहून उमेदवाराचं नाव स्पष्ट सांगायचं. मी लिहून घेईन."

"बरोबर साहेब, अगदी बरोबर," असं सर्वांत आधी आमचे हेच म्हणाले.

बाबलीनं ह्यांचं नाव सांगितलं. परशुरामानं सांगितलं. ह्यांनी स्वतःचं नाव रेडिओवरच्यासारखं सांगितलं. मास्तर आणि गुरुदास इजाबेल म्हणाले, आणि मास्तर त्यापुढेही पुष्कळ म्हणाले. इजाबेलबायनं आपलं नाव हळूच सांगितलं. तीन आणि तीन.

"सौ. यशोदाबाई. नाव?"

मी उभी राहिले. बारा वर्षांच्या संसारात मी ह्यांचं नाव एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनवर विचारलं तर तुळसाला पुढे करायची. कथेत ह्यांच्या नावाचा राजा आला, की मी "तो स्वप्नात राज्य दान करणारा" म्हणायची. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं असं. बैलवाल्यांनी महिनाभर खल केला, कोण फुटेल, कोण आजारी पडेल, सगळं बघितलं. ही एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

मी म्हटलं, "धनी."

"कोण धनी?"

"आमचे."

खिडक्या हसल्या. साहेबानं यादी वर धरली. "बाई, ह्यात धनी नावाचा उमेदवार नाही."

हे उठले आणि साहेबाशी बोलायचं म्हणून शुद्ध बोलू लागले. "साहेब, मी सांगतो. ती माझंच नाव घेणार आहे."

"तुम्ही बसा. मत त्यांचं आहे."

"उखाण्यात घे गो वयनी!" बाबली ओरडला. खिडक्यांतूनही आवाज उठला, "घे गो, घे!"

"उखाणा चालणार नाही," साहेब म्हणाला. "हे लग्न नाही."

आता गणपत मास्तर उसळून उभे राहिले. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यावं, ह्यावर ते वीस वर्षं भाषणं देत होते. "साहेब, ही रीत म्हणजे स्त्रियांची गुलामगिरी! बाईंनी आज धिटाईनं..." इथं त्यांच्या लक्षात आलं, की बाईंनी धिटाई केली तर आपण हरतो. ते थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, "...पण परंपरेचोव मान राखूक व्हयो." आणि बसले.

तेवढ्यात बाबली, ज्यानं स्वतःच्या बायकोला नाव घेतलं म्हणून चार दिवस माहेरी धाडली होती, तो बाकावर चढला. "रीत मोडा! नवो जमानो इलो! वयनी, घे नाव!"

"घे गो," हे म्हणाले. "मी सांगतंय. माझी परवानगी आसा."

साहेबाची लेखणी कागदावर टेकली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं, सांगितलं होतं तसं. मग खिडकीकडे बघितलं. तुळसा दोन गजांमध्ये तोंड घालून माझ्याकडे बघत होती.

"इजाबेल रॉड्रिक्स," मी म्हटलं.

साहेबानं लिहून घेतलं. त्याला काहीच वाटलं नाही.

पुढं काय झालं ते बघण्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत बैलवाल्यांनी ठरवून टाकलं, की मत फुटलंच नाही, रीत आड आली. बिचारीला साहेबानं कोंडीत धरलं, नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना, मग दुसरं जे आठवलं ते बोलली. तसा अर्जही तालुक्याला गेला, "हिंदू स्त्रीच्या मर्यादेमुळे" अशी सुरुवात करून. हे पारावर बसून ही हकीकत इतकी रंगवून सांगत, की लोक म्हणत, "भाई, खुर्ची गेली, पण बायल अशी गावाची नाय." मी सती ठरले. वटपौर्णिमेला चार जणी वडाच्या आधी माझ्याच पाया पडल्या. शेवंतीनं तर आपल्या सुनेला माझ्या घरी रीत शिकायला धाडलं.

झोपडीवाल्यांनी दोन दिवस क्रांती साजरी केली. तिसऱ्या दिवशी सरपंचबाईनं साकवाची जागा सांगितली, आणि ती मास्तरांच्या घरापाशी नाही म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "ही आमची कधीच नव्हती. बैलांनीच घुसवलेली." हे कळताच बाबली म्हणाला, "म्हणजे आमचीच!" आणि नवा हार घेऊन किरिस्तांववाडीत पोचला. तिनं हार घेतला, त्याचा दोरा तपासला आणि त्याला ओंडका उचलायला सांगितलं. बाबलीची कंबर लगेच दुखायला लागली.

दोन्हीकडचे पुरुष आले नाहीत. वादळात पडलेले तीन माड होते. ते आम्ही बायकांनी रापणीच्या जाळ्याचे दोर लावून ओढले. बैलांच्या बायका एका दोराला आणि झोपड्यांच्या दुसऱ्याला, असं आधी उभं राहून झालं, पण ओंडका हलेना तेव्हा सगळ्या मिसळल्या. मृगाच्या आधी साकव उभा राहिला. ह्यांनी जाहीर केलं, की आपण त्या साकवावर पाऊल ठेवणार नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी हे दुपारी जेवायला बसले होते. मी बांगड्याची आमटी वाढत होते. तुळसा पडवीत पुस्तकांना कागद घालत होती. हे खाली मान घालून बराच वेळ जेवले, आणि मग हळूच विचारलं, "गो, खरा सांग. नाव तोंडातसून येय नाय म्हणान तिचा घेतलंस मा?"

मी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर भागलं असतं. पंधरा दिवस तीच गोष्ट सांगून ते किती खूश होते, ते मी बघितलं होतं. त्यांचं तोंड बघून मला कळवळलं. पण बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, आणि विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?

"नाव तुमचाच होता जिभेर," मी म्हटलं. "मत तिचा होता."

त्यांनी घास ताटात ठेवला. पडवीतला कागदांचा आवाजही थांबला.

"साकवासाठी?"

"व्हय. आणि आठ वर्सां तुमी दोघव नुसते भांडलास म्हणान."

त्यांनी उरलेला भात संपवला, काटे बाजूला काढून ठेवले, ताटावरून उठले आणि म्हणाले, "भायर खंय सांगू नको."

"नाय सांगणंय," मी म्हटलं, आणि ते होते तोवर सांगितलं नाही.

हात धुवायला ते अंगणात गेले. बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. मग तिथूनच, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "सकाळी चेडवाक मी पोचवतंय. साकव नवो आसा, वाईच हलता."

ते सरपंच झाले असते तर मला जेवढा अभिमान वाटला असता, त्याहून जास्त त्या दुपारी वाटला.