रॅप्सडीचा टाका

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता, पण मी तिथं हजर होतो, करता काय!"

आजोबांनी घसा खाकरला आणि नातीनं वही उघडली. बँडला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघायची होती. आजोबा त्या बँडचे जुने नकलनवीस. बँडमास्तरांनी बसवलेली धून बावीस वादकांसाठी बावीसदा हातानं उतरवायची, हे त्यांचं काम. एकेकाच्या वाट्याला चार पानं.

"तर वार्षिक कार्यक्रम. सगळ्यांनी एकदम पान उलटलं, आणि युद्धाचं कूच चाललं होतं ते तडक अंगाईत शिरलं! दुसऱ्या पानाच्या जागी तिसरं. थांबायची कुणाची छाती? तुतारीवाल्यानं अंगाई अशी फुंकली की पहिल्या रांगेतले न्यायाधीश घोरायला लागले. पुढचं पान उलटलं, पुन्हा कूच! न्यायाधीश दचकून उठले ते सलाम ठोकतच."

"आजोबा, न्यायाधीश?"

"दोन होते. मास्तरांना घाम फुटला. पण माणूस वस्ताद! लोकांकडं वळून म्हणाले, 'मंडळी, ही रॅप्सडी होती.' टाळ्या थांबेनात."

तेव्हापासून तो शब्द या घरात पाहुणा आला तो ठाण मांडूनच बसला. एका सदऱ्याला दुसऱ्याची बाही लागली की रॅप्सडी. कालच्या तीन भाज्या एका पातेल्यात गेल्या की रॅप्सडी. आणि आजोबा आजीच्या हातच्या चहाचं कौतुक करत सुटले की खिडकीशी उसवण शिवत बसलेली आजी म्हणायची, "झाली यांची रॅप्सडी सुरू!"

"आणि ही चूक कुणाची?" नातीनं विचारलं.

"माझी. जिन्यात ठेच लागली, पानं हातातून पडली, घाईत उलटसुलट गोळा केली. मास्तरांनी लेखणी काढून घेतली आणि हातात झांजा दिल्या. छाप तसंच, 'वेंधळा नकलनवीस'. लोक हसतील."

झांजा त्यांनी तीस वर्षं वाजवल्या. लेखणीचं मात्र ते कधी बोलत नसत.

नातीनं शब्दकोश उघडला. "अर्थही देऊया. 'निरनिराळ्या सुरावटींची मुक्त रचना. बोलण्यात, बेभान कौतुक.' आणि मुळात, बघा हं, 'गाणी शिवणं'." ती थबकली. "आजोबा, तुमची पानं तर शिवलेली असायची ना? आजीच शिवायची. मग पडून उलटी कशी झाली?"

आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. "ते... दोरा कच्चा होता. तुटला."

खिडकीशी बसलेल्या आजीची सुई थांबली.

"कच्चा? माझा दोरा?"

"अगं, एखादा..."

"बावीसच्या बावीस तुटले?" आजीनं मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. "खोटं बोलतायत. पानं पडलीच नव्हती. तुझी आई तापानं फणफणत मांडीवर पडली होती, आणि मी तिसऱ्या पानांचा गठ्ठा दुसऱ्याच्या आधी उचलला. सगळ्यांचीच तशी शिवली. कार्यक्रमाहून हे घरी आल्यावर यांच्या कोटाच्या खिशात उसवलेला दोरा सापडला. माझाच, निळा. मास्तरांना माझी चूक दिसू नये म्हणून यांनीच टाके उसवले होते."

"तुला ठाऊक होतं?" आजोबांचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. मोडवेना."

नातीचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं.

"तो 'वेंधळा' शब्द खोड," आजी म्हणाली. "आणि लिही, टाका माझा होता."