पिवळ्या जॅकेटच्या मागे

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण बायकांच्या मागे फिरण्याचा उद्योग कधी केला नाही. लग्न ठरलं तेव्हा या माणसाने आपल्या मागे एखादी तरी फेरी मारावी म्हणून मावशी मुद्दाम हळू चालत असत. हा गडी आपला नाकासमोर! त्यामुळे पोलीसबाई दारात येऊन "पाठलागाची तक्रार आहे" म्हणाली, तेव्हा मावशींना आधी हसूच फुटलं.

पोलीसबाई हसली नाही. तक्रार चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीची होती. ती दुपारी जेवून दुकानात परत निघाली की काका तिच्या मागे. ती थांबली की हे थांबणार, ती आत शिरली की हे काचेबाहेर उभे. मागे येऊ नका असं तिने तोंडावर सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी स्वारी हजर.

"त्यांना विसरण्याचा आजार आहे हो," मावशी म्हणाल्या. "घरातलं न्हाणीघर सापडत नाही त्यांना, पाठलाग कसला करतात!"

"कळतंय मावशी. पण नवा कायदा आलाय. नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे जाणं, एवढंही पुरतं आता. आज समज देऊन जाते. परत गेले तर मला गुन्हा नोंदवावा लागेल. मग डॉक्टर, कोर्ट, सगळंच आलं."

"समज देणार कुणाला?"

काका खुर्चीत बसून पोलीसबाईच्या शिट्टीची दोरी निरखत होते. "दोरी छान आहे," ते म्हणाले. "लिफ्टला नाही चालायची."

मुलाला फोनवर सांगितलं तर तो भडकलाच. "आई, गुन्हा नोंदवला गेला तर मी बाबांना सरळ निवासी आश्रमात ठेवणार. तुला झेपत नाही." आश्रम होता त्याच्या शहरात, इथून रात्रभराच्या प्रवासावर. मावशी म्हणाल्या, "झेपतं मला," आणि फोन ठेवून शिलाई मशीनवर डोकं टेकून बसल्या. झेपत नव्हतंच. काका रात्रभर येरझारा घालत आणि दुपारी मावशींचा मशीनवरच डोळा लागे. तेवढ्यात ते निसटत. अशा आजारी माणसांना दिवसभर सांभाळणारं डे केअर चालू होतं तेव्हा दिवस तरी सुखाचा जाई. छत गळायला लागलं म्हणून ते बंद केलं, ते बंदच राहिलं.

मावशींनी दाराला आतून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसलेले काका एकदम उठले आणि बूट शोधायला लागले.

"चला, चला. पिवळ्या बाई आल्या."

मावशींनी खाली वाकून पाहिलं. पिवळं जॅकेट घातलेली एक सडपातळ मुलगी भराभर चालली होती आणि दर चार पावलांनी मागे बघत होती.

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डे केअरमधल्या सगळ्या सेविका पिवळी जॅकेटं घालायच्या. तिथली शिकवणच ती: काही आठवलं नाही तरी चालेल, पिवळ्याच्या मागे चला. पिवळं जेवायला नेतं, पिवळं बागेत नेतं. काका सगळं विसरले, एवढं मात्र इमानेइतबारे लक्षात ठेवून बसले होते.

शेजारणीला घरात बसवून मावशी दुकानात गेल्या. तक्रार मागे घे, म्हणून मुलीच्या हातापाया पडायचं असं ठरवूनच गेल्या होत्या. मुलीने चष्म्याच्या काचा पुसत पुसत सगळं ऐकून घेतलं.

"आधीच्या शहरात एक जण असाच मागे यायचा, मावशी," ती म्हणाली. "हात लावला नाही, धमकी दिली नाही, म्हणून कोणी ऐकूनच घेईना. तेव्हा हा कायदा नव्हता. शेवटी घर, नोकरी टाकून मीच पळाले. तुमच्या काकांच्या मनात काही नाही, पटलं मला. पण मागे पाऊल वाजलं की अजून वळून बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्याला काय करू?"

मावशींना तक्रारीचं बोलवेना. "राहू दे बाळ, तक्रार असू दे," एवढंच त्या म्हणाल्या. निघताना मुलीने खुंटीवरचं जॅकेट काढून त्यांच्या हातात कोंबलं.

"घेऊन जा. पहिल्या पगारात घेतलं होतं. आता अंगावर घालवत नाही."

डे केअर पुन्हा सुरू होत असल्याचा फोन आला, तेव्हा मावशींचा जीव भांड्यात पडला. तिथल्या मॅडम खुशीत होत्या: नवं छत, नवे पंखे, सेविकांना नवे निळे एप्रन. निळे? मावशी फोन ठेवून उठल्या. त्या मुलीच्या जॅकेटच्या बाजूच्या शिवणी उसवल्या, दोन्हीकडे पट्ट्या जोडल्या आणि आपलं ऐसपैस अंग त्यात कसंबसं बसवलं.

सकाळी फाटकाशी व्हायचं तेच झालं. निळी सेविका गोड बोलली, हात धरला. काका खांबासारखे ठाम. "आत येतच नसतील तर आम्ही तरी काय करणार?" मॅडम म्हणाल्या.

मावशींनी पिशवीतून जॅकेट काढून चढवलं आणि काकांकडे पाठ करून त्या आत चालायला लागल्या. मागे बुटांचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस त्यांच्या मागे येत होता. मावशी लग्न ठरलेल्या मुलीसारख्या हळू चालल्या आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"बाई, आज फार रमतगमत चाललाय तुम्ही," काका म्हणाले.

हॉलमध्ये ते आपल्या जुन्या खुर्चीत निवांत बसले. मावशी निघाल्या तसं काकांनी त्यांना हळूच बोलावलं. "बाई, एक काम करा. घरी आमच्याकडे एक जण असते. शिवत असते. तिला सांगा, मी पोचलो."

"सांगते," मावशी म्हणाल्या.

जॅकेट अंगातच राहिलं. चौक ओलांडताना त्यांनी वळून मागे पाहिलं. चार पावलं गेल्यावर पुन्हा पाहिलं, त्या मुलीसारखं. मागे कोणी नव्हतं.