आठ अंश वळलेला दात

मावशीच्या वरच्या ओळीत, मधल्या दोन दातांच्या डाव्या शेजारचा दात आठ अंशांनी वळलेला होता आणि त्याची कड शेजारच्या दातावर अर्धा मिलिमीटर चढली होती. हे मी तिच्या तोंडात नाही, प्लास्टरच्या साच्यावर मोजलं. दात काढण्याआधी घेतलेला तो साचा मी जपून ठेवला होता, कारण तिची कवळी मीच करणार होते.

दवाखाना खाली, आमची कवळ्यांची लॅब वर. मालक कामाला चोख आणि मनाने निर्मळ. पण काही तिरकं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. सुताराच्या काटकोन तपासायच्या पट्टीवरून आम्ही त्यांना पाठीमागे 'गुण्या' म्हणतो. त्यांचा नियम एकच. मधल्या रेघेच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे.

मला तो नियम पटत नव्हता. स्वतःची लॅब काढायचं तीन वर्षं मनात होतं, खोलीही बघून झाली होती. पण इतक्या जुन्या माणसाचं चुकतंय आणि माझीच नजर बरोबर, हे कशावरून? गाडी तिथेच अडत होती.

पक्की करण्याआधी तोंडात घालून बघता यावी म्हणून मावशीची कवळी मी मेणात लावली, तो दात आठ अंश वळवला आणि फळीवर ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मावशी ती मेणाची कवळी घालून दवाखान्यातून थेट वर आली. तोंडावर हात.

"काय गं, कोणाचे उसने दात आणलेस मला?" ती हाताआडून म्हणाली.

तिने हात काढला. सगळे दात एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. वळवलेला दात सरळ झाला होता.

"मीच सरळ केला तो," मालक खुर्चीतून म्हणाले. "सकाळी नजरेस पडला. म्हटलं, हिच्याकडून घाईत राहिला असेल."

"तुम्ही मला सरळ केलंत?" मावशी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत जमलं नाही हो ते!"

मालकही हसले. "मावशी, कोणालाही विचारा. सरळच आवडेल."

"विचारूया," मी म्हणाले.

दुपारपर्यंत मी मावशीच्या हिरड्यांच्या साच्यावर दुसरी मेणाची कवळी लावली, वळलेल्या दाताची. मग चौघींना बोलावलं. पॉलिशवाल्या दोघी, खालची नर्स आणि कालच रुजू झालेली डॉक्टरीण. आधी दोन्ही कवळ्या टेबलावर मांडल्या. कोणती चांगली? चौघींची बोटं सरळ कवळीकडे गेली. वेळ मोजला असता तर दोन सेकंदही भरले नसते.

"झालं समाधान?" मालक म्हणाले.

"अर्धंच झालं."

मावशीने एक कवळी घातली आणि नवऱ्याचा एक किस्सा सांगितला. मग दुसरी घालून तोच किस्सा पुन्हा सांगितला. तिला असल्या कामाचा कंटाळा नाही. सरळ दातांनी ती छान दिसत होती, एखाद्या जाहिरातीतल्या आजीसारखी. दुसऱ्या कवळीने हसली तेव्हा नर्स एकदम म्हणाली, "अगं बाई, आत्ता आल्या मावशी!"

पॉलिशवाल्या दोघींनीही मत बदललं. मावशी गेली कितीतरी वर्षं मला भेटायला वर येते, त्यामुळे त्या तिघी तिला चांगल्या ओळखतात. डॉक्टरीण मात्र बधली नाही. "मला अजून सरळच बरी वाटते," ती जराशी संकोचून म्हणाली.

मला तिचंच उत्तर सगळ्यात मोलाचं वाटलं. तिने मावशीला आजच पाहिलं होतं. दोन बाजू सारख्या दिसल्या की डोळा खूश होतो, यात मालक चुकत नव्हते. पण माणूस ओळखायचं तर डोळा दोन बाजूंमधला फरक धरून ठेवतो.

"म्हणजे नवख्या माणसाला सरळच आवडतो," मालकांनी पकडलंच.

"हो. पण मावशीला नवख्या माणसांत राहायचं नाहीये."

"काय बोललीस!" मावशी म्हणाली. "आता ही कवळी पक्की कर. आठ महिने पेज पिऊन वैतागलेय मी."

मालकांनी वळलेल्या दाताची कवळी उचलली, उजेडात धरली, बराच वेळ फिरवून पाहिली. त्यांचा अंगठा एकदा त्या दाताकडे गेला आणि मागे आला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "घरची केस म्हणून ही एक जाऊ दे. बाकीच्या मात्र नेहमीसारख्याच लावायच्या. फळीवर सहा साचे पडलेत, बघ."

मी पाहिलं. सहाही साचे दात काढल्यानंतरचे होते, नुसत्या हिरड्या. त्या सहाजणांचे दात आधी कसे होते, हे कोणी मोजलं नव्हतं. मी हातातली मेण कापायची सुरी पुसून ठेवली.

"हे सहा मी पूर्ण करीन, मालक, तुमच्याच पद्धतीने. पण पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. मी स्वतःची लॅब काढतेय."