डोमाजीचं बयान

“बाई, तुमचं मतदान झालेलं आहे,” मतदान अधिकारी यादीवर बोट ठेवून म्हणाला. “हा बघा अंगठा.”

माणिकबाई शेतातून तशीच आली होती. लुगड्याला सोंगलेल्या हरभऱ्याचा चुरा चिकटलेला. तिनं दोन्ही हातांची दहा बोटं त्याच्यासमोर टेबलावर पसरली.

“मंग शाई दाखव मले. कोन्या बोटाले हाय?”

अधिकाऱ्यानं बोटं पाहिली, यादी पाहिली आणि केंद्राध्यक्षाकडे पाहिलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा तो दिवस, दुपारचे चार वाजलेले. माणिकबाईनं मान वळवली. भिंतीलगतच्या बाकावर पक्षांचे एजंट बसले होते. त्यांतला डोमाजी खोडे तिच्याच गावचा, तिच्याच वयाचा.

“डोमाजी, तू त सकाळपासून इथंच बसून हायस. मी आल्ती का रे?”

डोमाजीनं मांडीवरच्या यादीत डोकं घातलं. माणिकबाईच्या नावापुढे त्यानंच अकरा वाजता लाल पेन्सिलीनं खूण केली होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक तरणी पोरगी माणिकबाई होऊन मत टाकून गेली होती. तिच्यासोबत जीपांमधून उतरलेले आणखी एकोणीस जण होते. त्यांतला एकही चेहरा गावातला नव्हता. असं कोणी आलं की उठून हरकत घ्यायची, एजंट बसवतात तो त्यासाठीच. समोरच्या पक्षाचा एजंट नवखा, त्याला गावातली चार माणसं ओळखू येत नव्हती. डोमाजीला सगळं गाव पाठ होतं. तो उठायलाही लागला होता, पण खिडकीबाहेर त्याच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष कुलदीप उभा होता. कुलदीपनं नुसती ‘नको’ म्हणून मान हलवली आणि डोमाजी बसून राहिला.

आताही तो बसूनच राहिला. केंद्राध्यक्षानं नियमाप्रमाणे माणिकबाईला वेगळी मतपत्रिका दिली, तिनं शिक्का मारला, कागद पाकिटात गेला. असली पाकिटं मोजणीत धरत नाहीत, हे त्या खोलीत तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

डोमाजीचा उमेदवार चौदा मतांनी निवडून आला. गुलालानं माखलेली पोरं त्याच्या दारात येऊन नाचली आणि त्याला खांद्यावर घेऊन मारुतीच्या पारापर्यंत गेली. बत्तीस वर्षं तो या पक्षाचा एजंट होता. पक्ष सत्तेत नव्हता, तेव्हापासूनचा. फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, वायसर बदलायचे, नोझल साफ करायचे, यावर त्यानं संसार केला. पण गावात त्याची ओळख पंपवाला अशी नव्हती. पाच वर्षांपूर्वी बायको रुख्मिणी वारली आणि पोरगी मंजुषा आधीच लग्न होऊन अकोल्याला गेलेली. तेव्हापासून त्याच्या घरी जी काही ये-जा होती ती पक्षाची. सकाळी चहाला दोघं-तिघं यायचे, पेपर मोठ्यानं वाचायचे, भांडायचे, जायचे. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

निकालानंतर महिन्याभरात हरलेल्या उमेदवारानं तक्रार केली, आणि डोमाजीला जबाब द्यायला तहसीलची नोटीस आली. त्याच संध्याकाळी कुलदीप आला. खाटेवर टेकला, स्वतःच माठातलं पाणी घेतलं.

“घाबरू नका काका. इतकंच सांगायचं, गर्दी लय होती, कोन आलं कोन गेलं, ध्यानात नाई.”

“गर्दी कुठी होती? अकरा वाजता त बूथ रिकामा होता.”

“तुमी बी ना. अवो, सरकार आपलं हाय. चौकशी बी आपलीच समजा.”

डोमाजी पंपाच्या दांड्याला ग्रीस लावत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, “माणिकबाईच्या नावावर कोन आल्ती, कुलदीप?”

“एका मतानं काय होते, काका?”

“वीस होते.”

“तुमी मोजून राहिले होते?”

“मोजायलेच बसवता न मले.”

कुलदीपनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. मग उठला, चपला घातल्या आणि दारातूनच म्हणाला, “मंजुषाताईचे मिस्टर झेडपीच्या शाळेवरच हायत न अजून? अकोल्याले?” उत्तराची वाट न पाहता तो गेला.

बयानाच्या दिवशी डोमाजी सकाळच्या एसटीनं एकटाच निघाला. नायब तहसीलदार मॅडम तरुण होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली. त्यानं पिशवीतून यादी काढली आणि लाल खुणांच्या शेजारी आपण बारीक गोल केलेली वीस नावं एकेक करून वाचली. कोण कुठे राहतं, कोण पुण्याला कामाला गेलंय, कोणाला वारून किती दिवस झाले, सगळं सांगितलं. मॅडम लिहीत होत्या.

“हे तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं?”

“हो.”

“मग तुम्ही हरकत का नाही घेतली?”

डोमाजीनं यादीची घडी घातली. बाहेर कुणीतरी शिपायाला हाका मारत होतं.

“मत आमच्या पक्षाले पडून राहिलं होतं, म्हनून,” तो शेवटी म्हणाला.

मॅडमनी पेन उचलला. “असंच लिहू? तुमच्यावरही येईल हे.”

“असंच लिवा.”

त्यानं प्रत्येक पानावर सही केली आणि यादी तिथंच ठेवली.

पुढं काय झालं, ते त्याला पेपरातूनच कळलं. निवडून आलेला सदस्य एका समितीचा सभापती झाला. पत्रकारांनी विचारलं तेव्हा पक्षाचा प्रवक्ता म्हणाला की, संबंधित कार्यकर्ता वयोवृद्ध आहे, पत्नीच्या निधनापासून त्यांची मनःस्थिती बरी नसते, पक्षाला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. चौकशीच्या अहवालातही तसंच आलं: साक्षीदाराचं वय व स्मरणशक्ती पाहता बयान ग्राह्य धरता येत नाही. त्याच्यावर काही कारवाई झाली नाही. कोणावरच झाली नाही.

सकाळच्या चहाला येणारे यायचे थांबले. तीन-चार दिवस डोमाजीनं सवयीनं चहाच्या गंजात चार कप पाणी टाकलं, मग एक कप टाकू लागला. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचं नाव काढलं गेलं. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी दरवर्षी ओसरीत पंपांची रांग लागायची. या वर्षी दोनच आले, त्यातला एक परगावचा. मंजुषाचा फोन आला.

“बाबा, काहून केलं हे तुमी? याईची बदली झाली न तिकडे, पार तेल्हाऱ्याच्या पुढं.”

“खरं होतं ते, बेटा.”

“खरं हाय हे मले मालूम हाय. मी तुमाले खोटं म्हनून राहिली का?” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “जेवले का?” तिनं विचारलं. तो हो म्हणाला. जेवला नव्हता.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि विहाराच्या मागं माणिकबाईच्या घरी गेला. ती अंगणात सावलीला गहू पाखडत बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण बस म्हटलं नाही. तो उभाच राहिला.

“माणिकबाई, त्या दिवशी मी पाहिलं होतं. तुया नावावर दुसरीच आल्ती.”

“मले मालूम हाय.”

“मंग तू काही बोलली कावून नाई?”

“बोलली न.” तिनं सूप थांबवलं. “सगळ्याइच्या समोर तुलेच विचारलं.”

पायाखालचे सांडलेले दाणे चुकवत तो जरा बाजूला सरकला. “तहसीलले सांगतलं मी,” तो म्हणाला. “कागदावर हाय. त्याईनं मानलं नाई.”

“मायं नाव घेतलं?”

“पूर्ण घेतलं. माणिकबाई सुदाम गवई.”

“काय सांगतलं?”

“सांगतलं का, माणिकबाई चार वाजता सोता आल्ती. तिच्या बोटाले शाई नव्हती. तिनं मत टाकलं नव्हतं.”

माणिकबाईनं सूप खाली ठेवलं. घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. आत तिची सून ललिता भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता.

“तीन महिने झाले,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे सून मले म्हनते, तुमीच सकाळी टाकून आल्या असान अन् इसरल्या असान. पोरगाबी तेच म्हनते. चावी सापडली नाई का मताची गोष्ट काढतात, मीठ जास्त झालं का मताची गोष्ट काढतात.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “काय सांगतलं म्हने तू? अजून एकखेप सांग. जोऱ्यानं सांग.”

डोमाजीनं दाराकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागला. आतला भांड्यांचा आवाज थांबला.