सोनपापडीचा डबा

"दात नाही आले लेकराले. आग नसते लावत वं, पंचफुला. आता माती तिची माय."

सासूचा हा आवाज तेवीस वर्षांपूर्वीचा. सावनेरकडच्या त्यांच्या वावरात जुन्या दगडांचं मोठं रिंगण होतं. दात न आलेली लेकरं गाव तिथंच पुरत असे. सासूनं दहा दिवसांच्या पोरीला मडक्यात निजवलं, आणि वर मातीचा परळ झाकायच्या आधी नांगरताना सापडलेला एक लाल मणी तिच्या गळ्यात बांधला. दृष्ट लागू नये म्हणून. मेलेल्या लेकराला कोणाची दृष्ट लागते, हे पंचफुलानं विचारलं नाही.

यंदा हिवाळ्यात त्या रिंगणात उत्खनन झालं. पंचफुला खापरं धुवायला रोजीनं होती. मडकं निघालं तेव्हा प्रबंध लिहिणारी चारुलता आनंदानं मातीतच बसली. मणी तीन हजार वर्षांचा, म्हणून लेकरूही तेवढंच जुनं ठरलं. पंचफुलानं मणी ओळखला आणि खापरं धुवत राहिली.

हंगाम संपला. खापरांची पोती नागपूरला पुरातत्त्व विभागाच्या गोदामात आली. पंचफुलाही रोज एसटीनं येऊ लागली. मडकं तिनंच धुतलं. दात न आलेल्या पोरीचं मडकं, दात घासायच्या ब्रशानं. हाडं चारुलतानं कापसात ठेवली, इतवारीतून आणलेल्या सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात. वर नंबर टाकला, सत्तेचाळीस. बारशाआधीच गेलेल्या पोरीला पहिल्यांदा कोणी काही म्हटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत पंचफुला डब्याजवळ बसून पुटपुटे,

दगडाच्या रिंगणात निजे माहं कोवळं पान
वाऱ्या, हळू चाल बापा, जागा हाय तिचा कान

"मावशी, सत्तेचाळीसला गाणं ऐकवता का?" चारुलता हसे. "बाकीचे डबे रुसतील ना."

गोदामाचा कायदा पंचफुला बघत होती. ज्या खापराला काठ नाही, नक्षी नाही, ते मोजून मागच्या खड्ड्यात. एकदा पोत्यात कपाची दांडी निघाली. उत्खननाचे प्रमुख गिरिधर सरांनी ती खिडकीतूनच भिरकावली. "हे कालचं आहे. कालच्याला इथं जागा नाही."

म्हणून ती गप्प होती. बोललं तर पोर खड्ड्यात. नाही बोललं तर निदान कापसात.

वैशाखातल्या एका सोमवारी सरांनी दाताच्या डॉक्टरकडं असतं तसलं बारीक ड्रिल टेबलावर मांडलं.

"वय काढायला प्रयोगशाळेत पाठवू. हाडाची भुकटी लागते." मग चारुलताकडे बघून म्हणाले, "कालचं निघालं, तर तुझा प्रबंधही मागच्या खड्ड्यात. आत्ताच सांगून ठेवतो."

"नाही निघणार सर," चारुलता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, तुमचा हात हलका आहे. हाड धरा जरा."

पंचफुलानं धरलं. मांडीचं हाड, करंगळीएवढं. पहिल्या आंघोळीला याच मांडीवर तिनं तेल जिरवलं होतं. ड्रिल फिरलं. पांढरी भुकटी कागदावर पडली, थोडी तिच्या बोटांवर. करपल्यासारखा वास आला. आग नसते लावत वं, सासू म्हणाली होती.

हाड तडकलं. दोन तुकडे झाले.

"अरे यार," सर म्हणाले. "भुकटी कमी पडून राहिली. दुसऱ्या पायाचं द्या. आणि बोटं झटका कागदावर, वाया नको जायला."

पंचफुलानं डब्यातून दुसरं हाड उचललं आणि मूठ मिटली. बोटं झटकली नाहीत.

"मावशी, द्या ना," चारुलता म्हणाली.

"नाही देत, ताई."

"काहून?" सरांनी तिच्या बोलीची नक्कल केली. "तुमच्या घरचं हाय का?"

चारुलता हसायला गेली, पण पंचफुलाच्या मुठीकडे बघून थांबली.

"हाय," पंचफुला म्हणाली. "तीन हजार नाही, सर. या पोळ्याले तेवीस वर्षं होतील. मणी माह्या सासूनं बांधला होता, वावरात भेटलेला. ही माही पोरगी हाय." तिनं दुसऱ्या हातानं डबा जवळ ओढला. "कालची हाय. फेकाचीच असन, तर माह्या पदरात फेका."