एकोणसत्तर जीबी

भाचीने नव्या हार्ड डिस्कचं खोकं फोडलं, वायर संगणकाला जोडली आणि घरचे जुने फोटो त्यात भरायला घेतले. खोक्यावर ठसठशीत छापलं होतं, एक टीबी, म्हणजे हजार जीबी. पडद्यावर आलं ९३१.

शेजारी चहा पीत बसलेल्या मामांनी कप खाली ठेवला. "बंद कर ते," ते म्हणाले. "एकोणसत्तर कमी आहेत. पुन्हा माझ्याच गळ्यात पडतील."

"पुन्हा म्हणजे?"

मग तीन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. मामा व्हिडिओ स्टुडिओत बावीस वर्षं एडिटर. नोकरी पाठदुखीमुळे सोडली, असं घरात सगळ्यांना माहीत. कसली पाठदुखी न् काय! मालकाने त्यांच्याकडची डिस्क तपासली. खोक्यावर हजार, पडद्यावर नऊशे एकतीस. उरलेल्या जागेत गिऱ्हाइकांचं चित्रीकरण लपवून बाहेर विकता, असा आळ घेतला आणि चोरीची कबुली लिहून घेतली. मामांनी जन्मात कुणाची टाचणी उचलली नव्हती. पण आकडा समोर होता, आणि आकड्याशी भांडायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

भाची संगणक दुरुस्त करून पोट भरणारी, त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. ती कडाडलीच.

"अहो मामा, काही हरवलेलंच नाही! डिस्क बनवणारे जागा मोजताना हजाराने भागतात. हा संगणक भागतो एक हजार चोवीसाने, आणि बाइटपासून जीबीपर्यंत तसं तीनदा. एकच कापड माझ्या वितीनं हजार भरेल, तुमच्या मोठ्या वितीनं नऊशे एकतीस. म्हणून कापड कुणी कापलं का?"

मामांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग मी सही कशावर केली?"

"उठा. ते कबुलीचं पत्र आणायचंय."

"जाऊ दे गं, झालं गेलं."

"तुमचं गेलं असेल. माझं नाही जात."

स्टुडिओत मालक आपल्या काचेच्या खोलीत बसला होता. मामांना बघून त्याच्या कपाळावर आठी चढली. भाचीने नमस्कारात वेळ घालवला नाही. "कपाटातली एक नवी डिस्क काढा. खोकं तुम्हीच फोडा, मी हात लावणार नाही."

"हा काय तमाशा?"

"घाबरताय का?"

बाहेर तीन एडिटर माना वर करून बघत होते. मालकाने तोऱ्यात खोकं फोडलं, डिस्क जोडली. नऊशे एकतीस.

"आता बोला," भाची म्हणाली. "खोकं फोडून मिनिटही झालं नाही. एकोणसत्तर कुणी लाटले? तुम्ही?"

मालकाने कपाट पुन्हा उघडलं. दुसरी डिस्क काढली, तीही तेवढीच. भाचीने हजार आणि एक हजार चोवीसाचा हिशेब त्याच्याच कागदावर मांडून दिला, तसा त्याचा चेहरा पडला. "तेव्हा मला काय कल्पना, ही तांत्रिक भानगड."

"कल्पना नव्हती, तर माणसाला चोर कशाला ठरवलंत?"

त्याने फाइलमधून ते पत्र उपसलं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं. "हे बघा, फाडतो. मिटलं ना?"

आतापर्यंत जमिनीकडे बघणाऱ्या मामांनी त्याचं मनगट धरलं.

"फाडायचं नाही," मामा म्हणाले. "माझी सही तीन वर्षं इथे एकटी आहे. तिच्याखाली लिहा, चोरी झालीच नव्हती, मोजणं मला येत नव्हतं. आणि तुमची सही करा."

"अहो, एवढं कशाला ताणता?" मालक म्हणाला.

"बावीस वर्षं कधी ताणलं नाही, म्हणून तर ही पाळी आली."

मामांनी मालकाच्याच खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून त्याच्यापुढे धरलं आणि दुसऱ्या हाताने खोलीचं दार सताड उघडलं.

"लिहा," ते म्हणाले. "आणि त्या तिघांना ऐकू जाईल असं वाचत लिहा."