रिकाम्या काट्यावर दोन किलो

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी तुमचं आणि माझं काही फारसं सख्य नाही. मी पायांखालचा एक जुना वजनकाटा आहे आणि तुमच्यातल्या कितीजणांनी बुटांसकट माझ्यावर उड्या मारल्या आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. सध्या मी राहाता गावाजवळच्या एका वस्तीवर दयाबाईंच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पडून आहे. माझ्या पाठीवरचं रबर फाटलं आहे आणि माझी सुई रिकाम्यातही दोन किलो दाखवते. ही खोड माझी नव्हे, मला लावलेली आहे. ती कुणी लावली आणि त्यापायी काय झालं, ते सांगणार आहे. ऐकायचं असेल तर चुळबुळ न करता बसा.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. पोटात एक जाड स्प्रिंग, वर काचेखाली गोल तबकडी, तीवर लाल सुई आणि पुढच्या कडेला एक लहानसं चाक. हे चाक फिरवून रोज सकाळी सुई शून्यावर आणायची, एवढीच माझी सेवा. तेलपाणी नको, लाडकोड नको. पहिली आठ वर्षं मी पुण्यात एका दवाखान्यात काढली. तिथले डॉक्टर म्हणायचे, "हा काटा कुणाची भीड ठेवत नाही." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. मग चकचकीत डिजिटल काटे आले आणि मला माळ्यावर टाकलं. तीन वर्षं धूळ खाल्ली. त्या तीन वर्षांत कुणी माझी चौकशी केली नाही, आणि मीही कुणाला माफ केलेलं नाही.

तिथून मला खाली उतरवलं ते एंजेला मॅडमनी. या डॉक्टर बाई गरोदर बायकांच्या आहारावर संशोधन करत होत्या. शेंगदाणे, गूळ आणि सोयाबीनच्या लाडवात लोह आणि जीवनसत्त्वांची भुकटी घालायची, पोटुशी बाईने रोज असे दोन लाडू खायचे, आणि पोटातलं बाळ त्याने बाळसं धरतं का ते बघायचं, असा तो अभ्यास. वस्तीवरचे लोक त्याला 'लाडवाचा सर्वे' म्हणत. डिजिटल काट्यांचे सेल उन्हाळ्यात दगा द्यायचे, म्हणून माझी आठवण झाली. गरजेला सगळ्यांनाच म्हातारे आठवतात.

अंगणवाडीच्या पडवीत माझी जागा ठरली. बायकांची वजनं करायला वस्तीवरचीच यशोधरा नावाची मुलगी होती. हाताने चलाख, स्वभावाने गरीब. तिच्यावर देखरेखीला काकासाहेब. हा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि बोलायला उभा राहिला की थांबायचा नाही. पहिल्याच दिवशी त्याने भाषण ठोकलं, "एका लाडवात दोन भाकरींची ताकद हाय, ध्यानात ठेवा!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग कागद भराभरा वाचून झाला, सह्या घेतल्या, तपासणीला बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि लाडवांचे डबे हातात पडले.

अभ्यासाचा एक नियम मात्र चांगला होता. एखाद्या बाईचं वजन लागोपाठ दोन महिने वाढलं नाही, तर तिला त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं. हा नियम लक्षात ठेवा. माझा सगळा राग तो मोडला गेला यावरच आहे.

रूथ ही दयाबाईंची सून. नवरा पॉल पेरूचा टेम्पो चालवायचा, सासू पेरूच्या बागांत माल भरायला जायची. रूथ चौथ्या महिन्यात पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली तेव्हा चप्पल दाराबाहेर काढून आली होती. चव्वेचाळीस किलो. पाचव्या महिन्यात आली, तेव्हाही चव्वेचाळीस. आणखी बऱ्याच बायकांचं तसंच. काकासाहेबाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"लाडू कुठं जातात मग?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "घरोघर सासवाच खात असतील. दयामावशी, तुमची तब्येत तर बरी दिसतीया!"

बायका हसल्या. दयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या लाडवाला मी तोंड लावीन व्हय रं? तीस वर्सं पेरू वाहते, उपाशी ऱ्हाईन पर लेकराच्या तोंडचं खानार न्हाई. चल रूथ, उठ. न्हाई करायचं आपल्याला वजन."

रूथने हात धरून त्यांना कसंबसं थोपवलं. पण त्या दिवसापासून त्या पडवीत वैर शिरलं. बायका माझ्यावर उभ्या राहायच्या ते तोंड फिरवून. कुणी म्हणायचं, आमच्या रक्ताचे थेंब नेऊन हे विकतात. कुणी मला पायाने सरकवायचं. यशोधराला तिच्याच शेजारणी चहाला विचारेनाशा झाल्या.

त्यानंतर एका दुपारी काकासाहेबाला पुण्यातल्या सर्वेच्या कचेरीतून फोन आला. तुमच्या वस्तीवर वजनं का वाढत नाहीत, लाडू खाल्ले जातात की नाही, असंच चालणार असेल तर केंद्र दुसरीकडे हलवू, असं कुणीतरी त्याला सुनावलं. फोन ठेवून तो थेट माझ्यापाशी आला. मग उकिडवा बसून त्याने माझं चाक फिरवलं आणि सुई शून्यावरून एकवर नेऊन ठेवली.

"एका किलोनं काय कुनाचं मरन वडवतंय," असं तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्याच वेळी वस्ती गोळा केली असती. पण माझ्यापाशी एक सुईच होती आणि ती त्याने वाकडी केली होती.

सहाव्या महिन्यात रूथ उभी राहिली. खरं वजन चव्वेचाळीसच होतं. मी पंचेचाळीस दाखवलं. त्या दिवशी नियमाप्रमाणे तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. यशोधराने आनंदाने पंचेचाळीस लिहिलं आणि 'शून्य तपासलं' या रकान्यात खूण केली, कारण काकासाहेब तिला म्हणाला होता, "मी सकाळीच बगितलाय." तिने वाकून एकदा बघितलं असतं तरी दिसलं असतं. पण रिकाम्या काट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सातव्या महिन्यात त्याने सुई दोनवर नेली आणि मी साडेसेहेचाळीस दाखवलं. खरं वजन साडेचव्वेचाळीस होतं. पुण्याला आकडे गेले, तिकडून शाबासकी आली, आणि काकासाहेबाने सगळ्यांना चहा पाजला.

तिकडे घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. रूथला चार पावलांवर धाप लागायची. फळीवर भांडी लावताना तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. दयाबाई ते रोज बघत होत्या. त्या बोलायला फटकळ, पण वीस किलोचा क्रेट हातात घेऊन पाव किलोचा फरक सांगणारी ती बाई. आकडे कागदावर वाढत होते आणि सून डोळ्यांदेखत सुकत होती, हे काही त्यांना पटेना.

आठव्या महिन्यात एंजेला मॅडम स्वतः भेटीला यायच्या होत्या. पडवी सारवली, खुर्च्या मांडल्या, काकासाहेबाने हार आणला. मॅडम नुकत्याच बसल्या होत्या, तेवढ्यात पॉलचा टेम्पो दारात थांबला. दयाबाई खाली उतरल्या त्या डोक्यावर पेरूचा क्रेट घेऊन. मागून रूथ, भिंतीला धरत.

"मावशी, हे काय? पेरू नंतर द्या मॅडमना," काकासाहेब पुढे झाला.

"द्यायला न्हाई आनले, मोजायला आनलेत. सर बाजूला."

त्यांनी क्रेट धाडकन माझ्या पाठीवर आदळला. रबर फाटलं ते तेव्हाच. मला जराही दुखलं नाही.

"मॅडम, ह्यो क्रेट आत्ता मार्केटच्या काट्यावर मोजून आनलाय. क्रेटसकट वीस किलो, हाय ही चिठ्ठी. आता तुमचा काटा काय म्हनतो ते वाचा."

मॅडम उठून वाकल्या. सुई बावीसवर होती.

दयाबाईंनी क्रेट उचलून बाजूला ठेवला. "आता रिकामा बगा."

रिकाम्यात सुई दोनवर उभी होती. यशोधराचा चेहरा पांढराफटक पडला. काकासाहेबाची तर पाचावर धारण बसली. "चाक... चाक हललं असंल पोरांच्या हातनं," म्हणत तो माझ्यावर झेपावला आणि सुई मागे आणायला त्याने ते चाक असं करकचून पिळलं, की आतले दाते तुटले. रिकाम्या काट्याची सुई कायमची दोनवर अडकली. चोरी लपवायला आला आणि चोरीवर शिक्का मारून गेला. तो आवाज मला आजही गोड वाटतो.

मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "रूथ, ये," त्या म्हणाल्या. रूथ उभी राहिली. साडेसेहेचाळीस. "दोन वजा कर," त्या यशोधराला म्हणाल्या. यशोधराने रडत रडत लिहिलं, साडेचव्वेचाळीस. चार महिन्यांत अर्धा किलो.

मॅडमनी रूथच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. त्या आतून पांढऱ्या होत्या. "लाडू तू खातेस ना?"

"खाते मॅडम. दोन्ही. आत्या समोर बसून खायला लावतात."

"आणि जेवण?"

उत्तर दयाबाईंनी दिलं, आणि ते तोऱ्यात दिलं. "जेवन कशाला? ह्यो बाबाच म्हनला, एका लाडवात दोन भाकरींची ताकद हाय. मंग दोन लाडू म्हंजे चार भाकरी झाल्या. सकाळची भाकर मी बंद केली, सांजची निम्मी. उगा जादा खाऊन पोटाला तडस लागली म्हंजे?"

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मावशी, लाडू भाकरीबरोबर खायचा होता. भाकरी बंद करायची नव्हती."

दयाबाईंचा तोरा क्षणात उतरला. त्यांनी एकदा रूथकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या बांगड्यांकडे. "मंग आमाला कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "तुमी लाडू मोजले, वजन मोजलं, रगत मोजलं. ताटात काय पडतं ते एकदा तरी इचारलं का?"

मॅडमनी मान खाली घातली, आणि ते मला बरं वाटलं. मॅडमनी भुकटीतला लोहाचा कण न् कण मोजला होता, पण लाडू घरात आल्यावर ताटातून काय उठलं, हे विचारायला कुणी चुलीपर्यंत गेलं नव्हतं.

रूथला मॅडमच्या गाडीतूनच दवाखान्यात नेलं. तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, सलाईनमधून लोह दिलं. डॉक्टर पॉलला स्पष्ट म्हणाले, दोन महिन्यांपूर्वी आणली असती तर ही पाळी आली नसती. मुलगी दिवस भरण्याआधीच झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. अठरा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि अठरा दिवस दयाबाई दवाखान्याच्या फरशीवर बसून होत्या. पॉलने भाकरी नेली तर म्हणायच्या, "माझ्या म्होरं भाकरी ठिवू नको."

मुलगी जगली. तिचं नाव निकिता.

काकासाहेबाला घरी बसवलं. बाकीच्या बायकांची वजनं नव्याने केली, तर अकराजणींचं वजन वाढलेलंच नव्हतं. त्यांना तातडीने दवाखान्यात नेलं. आमच्या वस्तीचे सगळे आकडे मॅडमनी स्वतःच्या हाताने बाद केले आणि पुण्याला कळवलं, की चूक आमची आहे. आता सर्वेची माणसं घरी येतात तेव्हा आधी सासवांशी बोलतात. यशोधरा अजून वजनं करते, पण रोज सकाळी गुडघ्यांवर बसून काट्याचं शून्य बघते आणि मगच पहिल्या बाईला बोलावते. ती माझी एकदाच क्षमा मागून गेली. मी अजून विचार करतो आहे.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. दयाबाई म्हणाल्या, "द्या इकडं. ह्याचा नि माझा गुन्हा सारखाच हाय." तसा मी या घरात आलो.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर त्या मला उंबऱ्याजवळ ठेवतात. आधी वाकून माझा रिकामा आकडा बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "दोन." मग एकट्या उभ्या राहतात, मग नातीला कडेवर घेऊन. एकट्या असताना मी बावन्न दाखवतो, नातीसकट साडेअठ्ठावन्न. दोन किलोचं खोटं दोन्ही वेळेला तेवढंच असतं, म्हणून मधली वजाबाकी खरी निघते. साडेसहा किलो. असा तुटका असूनही निकिताचं वजन मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती आहे, आणि ती मी रागानेच करतो. काट्यावर उड्या मारू नका, त्याच्या चाकाशी खेळू नका. आणि कुणाला तोलायच्या आधी एकदा वाकून रिकाम्या तबकडीकडे बघत जा. तेवढं केलं असतं तर रूथचे दोन महिने वाचले असते.

बघा, आजचं वजन झालं. निकिता माझ्या फाटक्या रबराला चिमटे काढते आहे, तिला हाकलायला कुणी येत नाही. रूथ ताटावर बसली आहे, तिच्या बांगड्या मनगटाशी घट्ट आहेत. तिने लाडवाच्या डब्याकडे हात नेला, तशा दयाबाई चुलीपासून ओरडल्या, "आदी भाकर, रूथ. दोन खा, मंग लाडू."